पोळ्या खाऊन बिघडलेली गाय

सोमवार ते शुक्रवार मी युट्रेख्टच्या ऑफिसात कोड लिहायचो आणि रविवारी गुरं राखायचो! गावाबाहेर वाळूचं माळरान होतं. तिथे तांबड्या झिपऱ्यांच्या, भल्यामोठ्या शिंगांच्या गाई मोकळ्या सोडलेल्या असायच्या. त्यांनी गवत खाल्लं तरच जांभळ्या फुलांची झुडपं टिकतात आणि मधली वाळू उघडी राहते. त्या वाळूत सरडे अंडी घालतात. गवत माजलं की सरडे संपले. रानाची देखभाल करणाऱ्या डच बाईंनी मला हे शिकवलं, आणि शेणाचा वास आला तरी नाक मुरडणारा मी पुणेकर पार वेडा झालो. चांगला चरलेला तुकडा दिसला की पगारवाढ झाल्याचा आनंद व्हायचा.

मग पुण्याहून आई आली. तिची रोजची पहिली पोळी गाईची. इथे दारात गाय कुठली? पोळ्या फ्रीजमध्ये साठत गेल्या. मी गुरं राखतो हे कळल्यावर ती एवढी खूश झाली की विचारू नका. रविवारी तीही माझ्याबरोबर आली. मी कुंपण तपासून परत येतो, तर हिने फाटकाशी एका गाईला पोळ्यांची सगळी चळत भरवलेली, वर कपाळाच्या झिपऱ्यांत हळदकुंकू!

गाईने तिथेच मुक्काम ठोकला. माणूस दिसला की पिशवीत तोंड. तिच्या नादाने कळपही फाटकापासून हलेना, आणि लांबच्या खोलगट भागात गवत बोकाळलं. एका सायकलवाल्याला तिने शिंगाने ढकललं, तेव्हा बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारपर्यंत सुधारली नाही, तर तिला काढावं लागेल." काढायचं म्हणजे कसायाकडे द्यायचं. आईला हे सांगितलं तेव्हा तिने समोरचं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून आई स्वतःच्या जेवणाचा डबा घेऊन बसने फाटकावर हजर! कोणी पाव काढला की ती मराठीतच दरडावायची, "ए, काही द्यायचं नाही तिला, सांगून ठेवते!" लोक निमूटपणे पाव परत पिशवीत ठेवायचे. गाय आली की तिलाही तेच, "जा, चर जा तिकडे!"

रविवारी बाई दुर्बीण घेऊन आल्या. गाय आली, आईचे रिकामे तळहात तिने हुंगले, चाटले. आई जागची हलली नाही. गाय जरा थांबली, फुसकारली आणि वळली. तिच्यामागे अख्खा कळप थेट त्या खोलगट भागात, गवतात! बाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे तिला." मी कुंपणावर चढून ओरडलो.

आई मात्र पदराने हात पुसत होती.

"आशेने आलेली गाय रिकाम्या तोंडी परत पाठवली रे मी," ती म्हणाली आणि रडायला लागली.