दुपारचा तोबरा

"शिकवलं तिला सगळं मीच, पण घोडी नव्हती दिली," तबेल्यातला मोतद्दार एकदा चहा पिताना म्हणाला होता.

नालबंद हसला. "सुनेबद्दल बोलतोयस की सवतीबद्दल?"

मोतद्दाराला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तांबडी घोडी त्याच्या हातची. तिची आई विताना गेली, तेव्हा त्याने शिंगराला बाटलीने दूध पाजून जगवलं. तबेल्यातच गवतावर पडून राहायचा. बायको म्हणायची, "आपला मुलगा दहावीला बसला, तुम्हाला पत्ता तरी आहे का?" तो मुलगा पुढे ट्रकवर गेला. सून घरात एकटी कंटाळली, म्हणून तबेल्याच्या मालकिणीने तिला कामावर घेतलं, आणि शिकवायचं काम त्याच्याकडे आलं.

त्याने हातचं राखून शिकवलं नाही. घोड्याच्या मागून जाताना आवाज द्यायचा. खुरातला चिखल टाचेकडून टोकाकडे काढायचा. दौडून आलेलं घोडं छाती हाताला गार लागेपर्यंत फिरवायचं. मग पाणी, मग गवत, आणि दाण्याची चंदी सगळ्यात शेवटी, मापातच. "घोड्याला ओकता येत नाही," तो बजावायचा. "पोटात गेलं ते गेलं."

सून चुकली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती चुकली नाही. एक दिवस खरारा चालू असताना घोडीने हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली आणि डोळे अर्धे मिटले. त्याच्यासमोर घोडी सांगितलेला पाय उचलायची, मान खाली घालायची. हे मात्र तिने कधी केलं नव्हतं.

"मामंजी, बघा तरी, कशी लाडात आलीय."

"खाज सुटली असेल," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने दुपारचा तोबरा सुरू केला. सून जेवायला घरी गेली की तो पिशवीत थोडी चंदी घ्यायचा आणि घोडीच्या तोंडाला बांधायचा. आधी मूठभर, मग अर्धी पिशवी. आता त्याची चाहूल लागली की घोडी खिंकाळायची. तिच्या मानेवर हात ठेवून तो दाणे दाढेखाली फुटताना ऐकत राहायचा. एरवी कुणी ओंजळभर जास्त घातलं तर हाच माणूस तबेला डोक्यावर घ्यायचा.

एका सकाळी दारातून त्याला पुन्हा तेच दिसलं. घोडीची हनुवटी, सुनेचा खांदा. त्या दुपारी त्याने पिशवी काठोकाठ भरली.

संध्याकाळी सुनेने रोजची चंदी घातली. घोडीने ती संपवली, मग मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघू लागली, पायाने जमीन उकरू लागली, आणि मटकन बसली. जनावरांचे डॉक्टर आले. पोटाला नळी लावून ऐकत त्यांनी विचारलं, "चंदी किती दिली?"

"एक माप," सून म्हणाली.

"एवढ्याने असं होत नाही. नीट आठवा, औषध त्यावर ठरणार आहे."

मालकीण सुनेकडे बघत होती. सुनेचा चेहरा उतरला. "रोजचंच माप होतं. की दोनदा घातलं मी?"

 अजून थोडा वेळ गप्प राहिलं की सून घरी बसणार, हे मोतद्दाराला स्पष्ट दिसत होतं. ते दिसणं त्याला गोडही लागलं. तेवढ्यात घोडी कण्हली.

"दुपारी मी दिली," तो म्हणाला. "पिशवीभर. रोजच देतोय."

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध सोडलं आणि घोडीला फिरवायला सांगितलं. मोतद्दाराने दोर धरला. घोडीने चारही पाय रोवले. त्याने चुचकारलं, ओढलं, पण ती हलेना. शेवटी सुनेने दोर घेतला, आणि घोडी तिच्यामागे निघाली. अंगणात फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. तो भिंतीशी उभा राहून बघत राहिला. अखेर घोडीने लीद टाकली, तसे डॉक्टर हसले. "निभावलं."

"सगळ्या तबेल्याला तुम्ही शिकवता," मालकीण म्हणाली. "मग हे का केलंत?"

सून थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "सांगा ना मामंजी. मी काही बोलणार नाही तुम्हाला."

घोडी ओलं तोंड तिच्या बाहीला पुसत होती. मोतद्दार क्षणभर त्या बाहीकडे बघत राहिला. मग त्याने वहाणा पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर चालू लागला.