वरचे सर आणि इशूचं वजन

सगळ्या लातुरात, मी तर म्हणते औशापासून पार मुदखेडापर्यंत, आमच्या वरच्या सरांएवढा हुशार माणूस न्हाई आणि त्यांच्याएवढा येडा बी न्हाई, आणि ही दोन्ही एकाच डोक्यात भांडण न करता कशी नांदतात ते मला अजून कळलेलं न्हाई. तसं मला लई गोष्टी कळत न्हाईत. मी नववीतून घरी बसले, चाकूरजवळच्या गावातून लग्न होऊन इथं आले, आमचे हे रिक्षा चालवतात आणि मी क्लासच्या पोरापोरींचे डबे करते. सर आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मोठ्या क्लासात बायोलॉजी शिकवायचे, एका हॉलात पाचशे लेकरं, आणि शिकवायचे तो एकच धडा, आईबापाचं लेकरात काय उतरतं त्याचा. वीस वर्षं तोच धडा. मी एकदा म्हणलं, "सर, कंटाळा येत न्हाई का?" तर म्हणले, "ताई, तुम्हाला पोळीचा येतो का?" आता येतो म्हणावं तर डबे कोण घेईल, म्हणून मी न्हाई म्हणलं.

सरांना सरळ बोलता यायचं न्हाई. चार पर्याय दिल्याबगर तोंडातून शब्द निघायचा न्हाई. जिन्यावरून विचारायचे, "ताई, आज काय? ए, वांगं. बी, वांगं-बटाटा. सी, कालचं वांगं. डी, यापैकी न्हाई." मी म्हणलं, "सी." तर खुश होऊन म्हणले, "खऱ्या उत्तराला चार मार्क." एकदा निलंग्याकडं पोरगी बघायला गेले, तिला बी पर्याय दिले म्हणं, लग्नानंतर लातूर, नांदेड, पुणे का कुठं बी. ती पोरगी बी क्लासचीच निघाली. तिनं पोहे खाली ठेवले आणि म्हणली, "वरीलपैकी कोणतंही नाही." सर येऊन आम्हाला सांगायले, "पोरगी लई हुशार होती!" लग्न मोडल्याचं दुःख न्हाईच, तिची तारीफच चालू.

आणि स्लॅबखाली हा माणूस झोपायचा न्हाई. भाडं खोलीचं भरायचे आणि झोपायचे गच्चीवर पत्र्याच्या शेडात, पावसाळ्यात उशाला छत्री उघडून. क्लासात बी फळा दाराजवळ हलवून घेतलेला. गळ्यात दोरीला एक शिट्टी, ती आंघोळीला जाताना बी काढायची न्हाई. गल्ली हसायची, मी बी हसायची. मग आमच्या ह्यांनी सांगितलं, भूकंपाच्या साली सर नऊ वर्षांचे होते, गावात घराचं मातीचं माळवद अंगावर आलं, आत ओरडून ओरडून घसा बसला तरी वर कुणाला ऐकू जाईना, शेवटी हाताला ताट लागलं ते वाजवलं तवा काढलं. तवापासून मी हसायची, पण तोंड फिरवून.

माझी इशू दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. बसायची, हसायची, बोलायची तर इतकी की सरांना "ए बी" म्हणून हाक मारायची. पण पाय कापडासारखे. बायका म्हणायच्या, काही लेकरं उशिरा चालतात. एक दिवस सर पायरीवर चहा पिऊन राहिले होते, इशू माझ्या मांडीवर, तिचे पाय लोंबते. सरांनी कप खाली ठेवला आणि तिच्या गुडघ्याखाली बोटानं टिचकी मारली. परत मारली. पाय हालला न्हाई. मी वाट बघून राहिले, आता ए म्हणतील, बी म्हणतील. सर म्हणले, "ताई, उद्याच मोठ्या डॉक्टरला दाखवा." एवढंच. पर्यायच न्हाई.

मग लातूरच्या डॉक्टरनं पुण्याला पाठवलं, पुण्याला इशूचं रक्त घेतलं, मग म्हणले आईबापाचं बी द्या. आमचं काय रक्त? आजार पोरीला आणि चोर आम्ही? महिन्यानं कागद आला, जनुकात खोट हाय म्हणून. आता तुम्हाला सांगायला पाहिजे, माझी सासू म्हंजी माझी सख्खी आत्या. आमच्यात मामाची पोरगी करतात, तशी मला केली. त्यामुळं घरात भांडण पेटलं तर कुणाच्या माहेराला नावं ठेवायची हेच कुणाला कळंना. आत्या म्हणली, "हे तुझ्या बापाच्या घरचं." मी म्हणलं, "ते घर तुमचंच की!" मग दोघी बी रडलो.

सर खडू घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर धडा मांडला. वर आत्याच्या आईबापाचा एक चौकोन, एक गोल, खाली रेघा. आत्या म्हणली, "मास्तर, माझ्या बाला चौकोनात कामून कोंडलं?"

"आजी, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तशी पद्धत हाय."

"व्हय. बाईनंच गोल फिरावं."

सरांनी वरचा चौकोन अर्धा भरला, मग आत्याचा गोल अर्धा, माझ्या बापाचा चौकोन अर्धा, तिथून आम्ही दोघं नवराबायको अर्धे अर्धे, आणि इशूचा गोल पुरा. म्हणले, "अर्धी खोट असली की माणसाला कळत बी न्हाई. कुणाचा दोष न्हाई." आत्यानं आपल्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणली, "माझ्या पाठची एक होती. मान धरली, पण कधी उभी राहिली न्हाई. आई म्हणायची, नजर लागली." सरांनी आत्याच्या शेजारी एक बारका गोल काढला आणि पुरा भरला. विचारलं, "नाव काय होतं?" आत्या म्हणली, "सगळे ठकीच म्हणायचे." सरांनी खाली ठकी लिहिलं. त्या दिवसापासून आत्या मला एक शब्द बोलली न्हाई, म्हंजी टोचून असा.

औषध हाय म्हणले. तापाची गोळी सगळ्या गावाला चालते तसलं न्हाई, ज्याच्या अंगात नेमकी हीच खोट त्यालाच लागू. रोज तोंडानं द्यायचं, जन्मभर. आणि किंमत ऐकून आमचे हे रिक्षा उभी करून खाली उतरले आणि रस्त्यावरच बसले. मी सरांना विचारलं, "एवढ्याशा बाटलीत असतं तरी काय?" सर म्हणले, "ताई, तुम्ही शंभर डबे करता म्हणून एक डबा स्वस्तात पडतो. समजा सगळ्या जिल्ह्यात एकच पोरगा असा हाय की त्याला निराळंच जेवण लागतं. मग चूल, गॅस, तुमची मेहनत, सगळं त्या एकट्याच्या डब्यावर पडणार. आणि ते जेवण दुसऱ्या कुणी करायचं न्हाई असा तुमच्याकडं कागद असंल, तर तुम्ही सांगाल ती किंमत."

मी म्हणलं, "सर, मी त्या एकट्यावर कामून टाकीन? नव्व्याण्णव डब्यांत थोडं थोडं वाटून टाकीन. कुणाला कळणार बी न्हाई."

सरांनी ते खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. मग म्हणले, "ताई, तुम्ही दिल्लीत पाहिजे होत्या." मला वाटलं चेष्टा करून राहिले.

सरकारकडून मदत मिळाली, खोटं कामून बोलू. सरांनीच फॉर्म भरले. पण ती एका ठरलेल्या आकड्यापर्यंतच मिळते, एका लेकराला एकदाच. आकडा संपला की संपली. औषध मात्र जन्मभराचं. हे कसं बसवायचं ते मला कळंना. औषध लागू पडत होतं, इशू धरून उभी राहायला लागली होती, आणि मला आनंद व्हायच्या आधी भ्या वाटायचं. त्यात डॉक्टर म्हणले, "डोस वजनावर असतो. वजन वाढलं की जास्त द्यायचं." झालं. ते माझ्या डोक्यात बसलं. वजन वाढलं की औषध जास्त, औषध जास्त की बाटली लवकर संपणार, बाटली संपली की आकडा संपणार, आकडा संपला की माझी पोरगी परत खाली बसणार.

सरांनी भंगारातून लटकवायचा काटा आणला होता. दर रविवारी इशूला डब्याच्या पिशवीत बसवून जिन्याच्या खिळ्याला टांगायचे, ती खिदळायची, आणि सर वहीत ठिपका मारायचे. दोन रविवार ठिपका जागेवर. तिसऱ्याला खाली आला. सर म्हणले, "ताई, ए, काटा बिघडला. बी, जुलाब. सी, दात येऊन राहिले. डी, यापैकी न्हाई."

मी म्हणलं, "डी."

"म्हंजी?"

"म्हंजी मीच. तूप बंद केलंय. पेज देते. भाकरीचा पापुद्रा देते. आठ दिवस तरी बाटली जास्त चालंल."

शंभर लेकरांना पोटभर घालणारी मी, हे तोंडातून निघाल्यावर मला कळलं मी काय करून राहिले ते. आत्यानं आतून ऐकलं. मला वाटलं आता मारती. तिनं तुपाचं भांडं काढलं, भात कालवला, इशूला पिशवीसकट मांडीवर घेतलं आणि भरवत म्हणली, "खा माय. ठकीच्या वाटचं बी खा."

सरांनी वही मिटली. मग म्हणले, "ताई, तुमचं उत्तर चुकलं न्हाई. प्रश्नच चुकीचा छापलाय. पोरीनं वाढावं का औषध मिळावं, असा पर्याय असूच शकत न्हाई. आणि प्रश्न चुकला की बोर्ड काय करतं?"

"काय करतं?"

"सगळ्यांना मार्क देतं."

आणि खरं सांगते, हा माणूस खोलीत गेला आणि परीक्षेच्या उत्तरांवर पोरं हरकत घेतात त्या नमुन्यात त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. प्रश्न कोणता, चूक कुठं, पुरावा म्हणून वजनाची वही, आणि शेवटी मागणी: हे औषध अजून कंपन्यांना बनवू द्यावं, खर्च सगळ्यांत वाटावा, वजन वाढल्याची शिक्षा लेकराला देऊ नये. हॉलातल्या पाचशे लेकरांकडून तसेच अर्ज लिहून घेतले. क्लासच्या मालकानं विचारलं, "हे सिलॅबसमध्ये हाय का?" सर म्हणले, "हाच सिलॅबस हाय." मालकाला लई पटलं नसावं, कारण पुढच्या वर्षी सर नांदेडच्या क्लासात गेले. अर्ज पोचल्याचा एक कागद आला, पुढं पाठवलाय म्हणून. पुढं म्हंजी कुठं, ते त्यात न्हाई.

वरची खोली आता नीटच्या दोन पोरींनी घेतलीय. इशू भिंत धरून चार पावलं टाकते. कपाटात अजून बाटल्या हायत, किती ते मी मोजत न्हाई, म्हंजी मोजते, पण कुणाला सांगत न्हाई. दर रविवारी नांदेडहून सरांचा फोन येतो. कशा हायत ते न्हाई, जेवलात का ते बी न्हाई, एकच विचारतात, "वजन?" मी खरं तेच सांगते, वाढलं. तिकडं कागदावर ठिपका मारल्याचा टक आवाज येतो. ते बी माझ्यासारखं मनात बाटल्या मोजत असतील. मग म्हणतात, "छान. लई छान, ताई." आणि मी बी म्हणते, "हाव सर, छानच झालं."