न उघडलेलं मडकं

आमच्या लेस्टरच्या घरात नवरात्रातला घट एअरिंग कबर्डात बसतो. हसू नका. इथल्या ऑक्टोबरच्या गारठ्यात मातीत पेरलेला गहू उगवायचा, तर गरम पाण्याच्या टाकीचं ते टॉवेल ठेवायचं कपाट सोडून घरात दिवसरात्र ऊबदार राहणारी दुसरी जागा नाही. दिवा बाहेर देव्हाऱ्यात, घट आत टॉवेलांशेजारी. देवी समजून घेते.

घटातलं धान जितकं तरारून येईल तितकं घराचं बरं, असं माझी आई म्हणायची. मी भूलतज्ज्ञ. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात माणसांना झोपवलं आणि उठवलं. असल्या शकुनांवर माझा विश्वास नाही, हे मी चारचौघांत ठणकावून सांगते. पण यंदा ह्यांची बायपास नेमकी नवरात्रात आली, आणि मी रोज सकाळी माळ बांधायच्या निमित्ताने कपाटात डोकं घालून माती न्याहाळू लागले. एक कोंब दिसेल तर शपथ! ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा माती तशीच, काळीभोर.

"घट उगवला का गं?" ह्यांनी ट्रॉलीवरून विचारलं.

"छान उगवलाय," मी म्हटलं. काय सांगणार होते दुसरं?

थिएटरचं दार बंद झालं. आत कोणत्या मिनिटाला काय चाललं असेल हे मला ठाऊक, हाच तर छळ. माझ्या येरझारा बघून लेक म्हणाली, "आई, तू मला मॅड करशील. चल, माझ्या लॅबमध्ये. हॉस्पिटलवाले फोन करतील."

लेक इथेच जन्मली. युनिव्हर्सिटीत जुन्या वस्त्यांच्या मातीतून बिया शोधायचं काम करते. सध्या तिच्याकडे दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाची माती होती. चारेकशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी तिथे समुद्रकाठी गाव वसवलं आणि ते काही वर्षांतच संपलं. त्यांना ती 'माझी लोकं' म्हणते. त्या दिवशी मी फटकन म्हटलं, "तुझी माणसं तिकडे टेबलावर झोपलीत, बये." पण गेले तिच्याबरोबर.

तिने मायक्रोस्कोपखाली एक दाणा ठेवला. कोळशासारखा काळा, मधली चीर मात्र स्पष्ट.

"अगं, गहू!" मी ओरडलेच.

"येस. घरून आणलेला. घरी स्प्रिंग असतो तेव्हा त्यांनी पेरला, पण तिकडे विंटर येत होता. काही उगवलं नाही. मदतीची जहाजं पण आली नाहीत. मग शिंपले खाल्ले, झाडाची साल उकळून खाल्ली. बायका, पोरं पण होते, आई. बहुतेक सगळे भुकेने गेले."

"मग हा कसा राहिला?"

"एका झोपडीत मडकं सापडलं, झाकण घट्ट लावलेलं. झोपडी जळली, म्हणून गहू कोळसा होऊन टिकला. ते मडकं कोणी उघडलंच नाही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. चुलीत साल शिजतेय, पोरं भुकेने रडतायत, आणि हाताच्या अंतरावर मडकंभर गहू! बियाणं होतं ते. पुढच्या पेरणीचं. पुढची पेरणी होणार, असं कुणीतरी मरेपर्यंत धरून चाललं होतं. काय म्हणावं या माणसांना? वेडं म्हणावं की पाया पडावं? मी तिथल्या तिथे चपला काढल्या आणि त्या दाण्याला हात जोडले.

"आई! लॅबमध्ये शूज काढायचे नाहीत!"

"गप्प बस जरा."

तेवढ्यात फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. मी अनवाणीच स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले.

संध्याकाळी घरी आल्यावर लेकीने कपाटात हात घातला. "आई, इथे तर फ्रिजसारखं थंड आहे! टँक कुठे गेला?"

मी कपाळाला हात लावला. उन्हाळ्यात आम्ही बिनटाकीचा कॉम्बी बॉयलर बसवला होता. टॉवेलांमागची टाकी तेव्हाच गेली, आणि मी सवयीने घट त्याच कपाटात बसवला. इतके दिवस मी देवीकडे गाऱ्हाणं घालत होते आणि बिचारा गहू थंडीने काकडत होता.

बसवलेला घट हलवायचा नसतो. मी घुटमळले. मग ते मडकं आठवलं. ते राखणाऱ्या बाईला पेरायला जरा ऊबदार जागा मिळाली असती, तर तिने सोडली असती? "माफ कर गं देवी," म्हणत मी घट उचलला आणि किचनच्या रेडिएटरपाशी आणला.

दसऱ्याला बोटाच्या पेराएवढे कोंब आले होते, पिवळट आणि किडकिडीत. वॉर्डात मी ह्यांच्या कानावर त्यातले दोन खोवले.

"एवढंसंच? तू तर छान म्हणाली होतीस."

"अहो, आलंय ना? नखरे नकोत."

लेकीने माझ्या हातातला एक कोंब उचलला. "एक माझ्या लोकांना नेते," म्हणाली आणि गेली. दुपारी तिने फोटो पाठवला. काचेच्या बशीत काळा दाणा, शेजारी आमचा कोंब. तिकडे त्यांच्या पेरणीत जो कोंब उगवला नाही, तो.

ह्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "हा कुणासाठी ठेवलाय?"

"आपल्या माणसांसाठी," मी म्हटलं.