ताई कुठेच जात नाही

नगररचना कार्यालयात त्याला सगळे सरासरीराव म्हणत. चहा घेणार का विचारलं, तरी म्हणायचा, "सरासरी काढली तर हो." शहरातली माणसं कुठून कुठे जातात, याचं संगणकावर मॉडेल मांडायचं हे त्याचं काम. त्यावरून रस्ते रुंद होत, सिग्नल लागत किंवा निघत.

त्याची थोरली बहीण मोठ्या रस्त्यापलीकडे राहायची. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याची बायको गेल्यापासून रोज सकाळी सिग्नलवर रस्ता ओलांडून ती त्याला गरम डबा आणून द्यायची. एकदा कार्यालयाची सर्व्हेवाली मुलगी तिच्या घरी आली आणि तिने विचारलं, "काल कुठे कुठे गेलात?" ताई म्हणाली, "मी कुठे जाते, बाई? घरातच असते." भावाकडे जाणं म्हणजे काय जाणं झालं!

हे कळल्यावर सरासरीराव खो खो हसला. फरक तरी काय पडणार होता? जवळच्या पायी फेऱ्या मॉडेलमध्ये धरायच्याच नाहीत, हा नियम त्यानेच केला होता. आकडेमोड सुटसुटीत होते ना!

मॉडेलने निकाल दिला: ताईच्या घराजवळ तो मोठा रस्ता ओलांडणारं कोणी नाही. सिग्नल काढा, मधोमध जाळी ठोका. तेव्हा मात्र त्याला ताईची रोजची फेरी आठवली. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, तिथून माणसं जातात. माझी बहीणच जाते."

"घरचं घरी ठेवा हो. सगळं पुन्हा करायचं, तर उशीर कोणामुळे झाला हे वर तुम्ही सांगाल?"

त्याने जाळीच्या कागदावर सही केली. भित्रा तो भित्राच.

जाळी लागली. ताई आता बसने पुलापर्यंत जायची, पूल ओलांडून दुसऱ्या बसने अलीकडच्या बाजूने मागे यायची, गुडघे धरत त्याच्या घराचा जिना चढायची. डबा गार झालेला असायचा. "उशीर झाला रे," असं वर तीच म्हणायची, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी जाळीवर सही कोणाची, हे त्याच्या तोंडून निघालं नाही.

पुढच्या सर्व्हेत ताईने बसच्या फेऱ्या न चुकता सांगितल्या. तिकीट काढून जायचं, म्हणजे ते जाणंच की! साहेबांनी भरल्या बैठकीत आलेख दाखवला. त्या भागात बसचे प्रवासी वाढले होते.

"याला म्हणतात नियोजन! शाबास, सरासरीराव!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. दुपारी त्याने ताईचा गार डबा उघडला आणि न खाताच पुन्हा बंद केला.