एका शब्दात सांगा

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न असतो. लांबलचक वर्णन दिलेलं असतं आणि त्याच्यासाठी एकच शब्द निवडायचा. झोपेत चालणारा माणूस. मधमाश्या पाळण्याची जागा. दोन्ही हातांनी सारखंच काम करू शकणारा. वर्णनही इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीत, आणि शब्द असे की कुठल्या इंग्रजाच्या बापानेही ते जेवताखाता वापरले नसतील. पण सरकारी कारकून व्हायचं तर हे यावं लागतं. का, ते मला विचारू नका.

रोडपालीच्या आमच्या घरात हा सराव माझ्याकडून बाबा करून घ्यायचे. बाबा मूळचे गव्हाणचे. जासईच्या एका कंटेनर गोदामात गेटवर कारकून होते. जन्मभर इंग्रजी कागद तपासले, त्यामुळे अर्थ लागो न लागो, वाचताना ते अडत नसत. रिटायर झाल्यावर माझं पुस्तक हाच त्यांचा उद्योग झाला. संध्याकाळचा चहा झाला की चष्मा चढवायचे आणि कंटेनरचा नंबर वाचावा तसं एकेक अक्षर सुटं करत वाचायचे. वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर फेकायचे. मी मुळातच उतावळी. त्यात क्लासच्या सरांनी माझ्या उतावळेपणाला 'स्पीड' म्हटलं, मग तर काय बघायलाच नको.

दारूला अजिबात न शिवणारा, असं एकदा आलं. मी म्हटलं, "टीटोटलर."

"असा मानूस आमच्या गावात गावायचा नाय," बाबा म्हणाले, "शब्द पाठ करून करतंस काय?"

बायकोच्या मुठीत असलेला नवरा, हे आल्यावर त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "हा सोपा हाय. घरचाच हाय."

ती माझी शेवटची परीक्षा होती. म्हणजे त्यानंतर मी वयात बसणार नव्हते. आधीच्या वेळी थोडक्यात हुकली होती, आणि नातेवाइकांनी माझ्या लग्नाची चर्चा करणंही आता सोडून दिलं होतं. मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करताना बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले. वाचा पूर्ण गेली नाही, पण वस्तूंची नावं गेली. समोरच्या माणसाचं सगळं कळायचं, स्वतःला काय हवं तेही पक्कं माहीत असायचं, फक्त त्याचा शब्द तोंडात येत नसे. मग ते वर्णन करायचे. "ते... पानी... प्याचा."

"ग्लास," मी म्हणायचे.

"डोल्यांवर... लावाचा."

"चष्मा."

मी फटाफट उत्तरं द्यायचे आणि मला वाटायचं, चला, माझा अभ्यास कुठे तरी कामी आला. स्पीच थेरपिस्ट बाई घरी आल्या तेव्हा त्यांनी हा प्रकार पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "तुम्ही शब्द पुरवू नका," त्या म्हणाल्या. "थांबा. त्यांना शोधू द्या. तुम्ही दिलात तर ते शोधणारच नाहीत."

थांबणं हा काय जीवघेणा प्रकार असतो, ते मला तेव्हा कळलं. शब्द माझ्या जिभेवर, बाबांचं तोंड उघडं, कपाळावर घाम, आणि मी ओढणीचं टोक दातात धरून गप्प. आईला ते बघवायचं नाही. "दे ना गो त्यांना ग्लास, कशाला जीव घेतेस मानसाचा," असं म्हणून ती आत निघून जायची. मला राग यायचा. आजाराचा, आईचा, त्या बाईंचा, आणि खरं सांगायचं तर कधीकधी बाबांचाही.

परीक्षेचं हॉल तिकीट आलं तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की जायचं नाही. आईचे गुडघे कामातून गेलेले. बाबांना उठवायचं, बाथरूमला न्यायचं, हे तिला एकटीला झेपणारं नव्हतं, आणि भावंडं मला नाहीत. शिवाय डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले काही महिने जपा, पुन्हा झटका येऊ शकतो. मी आईला म्हटलं, नाही बसत. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दे." पुढचं वर्ष नाही हे तिला माहीत होतं, तरी ती तसं म्हणाली आणि मी 'हो' म्हटलं. बाबांना आम्ही काहीच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी एक नवीन धोशा लावला. "बस... बसाचा."

आम्हाला वाटलं, पडून पडून पाठ अवघडली. मी पाठीमागे उशा लावून त्यांना बसवलं. ते मान हलवायला लागले. "नाय. बसाचा." आईने खुर्ची आणली. दोघींनी मिळून कसंबसं त्यांना खुर्चीत बसवलं तर ते आणखीच चिडले. मग आईला वाटलं, एसटी. गव्हाणला जायचं म्हणत असतील. "बरं वाटलं की जाऊ हां गावाला," ती समजूत घालायला लागली. बाबांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जन्मात मी बाबांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी खाली त्यांच्या पायाशी बसले. नुसती थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी डावा हात उचलला, आधी कपाटावरच्या माझ्या पुस्तकाकडे केला, मग माझ्याकडे.

"तू," ते म्हणाले. "बस."

परीक्षेला. मराठीत परीक्षेला बसतात, आणि आम्ही दोघी त्या माणसाला खुर्चीत बसवत होतो.

"नाही बसत मी, बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला कोण धरणार?"

त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आईनेच मग गव्हाणला आत्याला फोन केला. परीक्षेच्या सकाळी आत्या दारात हजर. पदर खोचून म्हणाली, "तू नीघ गो बाय. आमी हाय ना." मी तयार झाले खरी, पण पाय उचलत नव्हता. मी तिकडे प्रश्न सोडवत बसणार आणि इकडे यांना काही झालं तर? मोबाइलसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. मला भीती वाटत होती. आत्याला म्हणून टाकावं, राहू दे, इथपर्यंत मी आले होते.

रिक्षावाल्याने खालून हॉर्न दिला. मी बाबांच्या खाटेपाशी गेले.

"येते, बाबा."

घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं, आणि मोठ्यांनी 'ये' म्हणायचं. बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. आई पाठीमागून म्हणाली, "ये म्हना, ये." मी हात करून तिला गप्प केलं.

"जा," बाबा म्हणाले.

आईच्या अंगावर काटाच आला. "अहो, जा काय म्हनता पोरीला! ये म्हना."

बाबांनी मान हलवली. शब्द चुकला नव्हता. डावा हात उचलून त्यांनी मला दाराकडे लोटल्यासारखं केलं.

"नाय. जा."

मी त्यांच्या पायांना हात लावला.

"जाते, बाबा," मी म्हटलं.