सहाव्या रविवारची सभा

गेल्या वर्षी आमच्या शहरातल्या सहा बोर्डिंगांचे चालक एकत्र आले. त्यांच्या सभांचं टिपण मी ठेवत असे. या सभांबद्दल लिहायला मी बरेच दिवस भीत होतो, कारण ज्यांच्यावर मी रागावलो आहे त्यांच्याच पंगतीत मी दोन वर्षं जेवलो. मी कोडोलीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला स्वतःची सहीही येत नव्हती. बोर्डिंगात जागा मिळाली नसती तर कॉलेज मला बाहेरूनच दिसलं असतं. हे आधी सांगतो. कृतघ्न म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

महाराजांच्या राज्यात बोर्डिंगं पुष्कळ निघाली, पण प्रत्येक बोर्डिंग एकेका जातीचं आणि प्रत्येकाचा अर्ज वेगळा. कुणाला जागा हवी, कुणाला पुस्तकं, कुणाला फीची माफी. अर्ज कचेरीत जायचे आणि तिथेच पडून राहायचे. सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करावा आणि राज्याच्या शाळा कमिटीवर बोर्डिंगांचा एक माणूस मागावा, ही कल्पना आमच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांची, असं आता सगळे म्हणतात. ती त्यांची नव्हती. ती हवालदारांची होती.

हवालदार पलटणीतून पेन्शनीत आलेले. उचगावच्या वाटेवर दोन खोल्यांत ते अस्पृश्य मुलांचं बोर्डिंग चालवत. मुलं सात. पहिल्या सभेला ते आमच्या बोर्डिंगच्या पायरीवर आपली घोंगडी टाकून बसले होते आणि तिथूनच म्हणाले, "एकट्या शिपायानं सलाम ठोकला तर सायेब मान बी हलवत न्हाय. सगळी रांग ठोकू द्या, मग बगा घोडं थांबतंय का न्हाय." सगळे हसले. मग ठराव झाला. सभा दर रविवारी पाळीपाळीने प्रत्येक बोर्डिंगात भरावी, हेही त्याच दिवशी ठरलं, आणि ती सूचना मात्र खरोखर आमच्या साहेबांची.

हवालदारांची मागणी एकच. त्यांच्या बोर्डिंगातली दोन मुलं शहरातल्या एका शाळेत वरच्या इयत्तांत होती. त्यांना वर्गाबाहेर पडवीत बसवत. थोरला त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होता. खिडकीतून फळ्याची एकच बाजू दिसे. "बाकीचं ऐकून शिकंल," हवालदार म्हणायचे, "भूमिती कशी ऐकायची, सांगा की." त्यांच्या पाळीच्या सभेत ही मागणी अर्जात घ्यायची, असं पाचव्या सभेत ठरलं. मीच लिहिलं ते.

सहाव्या रविवारी सकाळी साहेबांनी मला पाच बंद चिठ्ठ्या दिल्या. "हवालदारांना दे आणि परत ये. बसू नकोस." मी विचारलं नाही. विचारायची सवय नव्हती.

उचगावच्या वाटेवरचं ते अंगण त्या दिवशी नुकतंच सारवलेलं होतं. पाच नव्या चटया घातल्या होत्या आणि हवालदारांची घोंगडी बाजूला, निराळी. कडेला एक म्हैस बांधली होती आणि तिचा गवळी बिडी ओढत बसला होता. पाच कोरे पितळी गडवे बाजारातून आणलेले, कागदात गुंडाळलेले तसेच होते. दूध गवळीच पिळणार, गडवाही तोच पाहुण्यांच्या हातात देणार. हवालदारांचा हात कुठे लागायला नको, म्हणून एवढी सगळी सोय.

"या, पावणं," हवालदार मला म्हणाले. "बाकीची मंडळी?"

मी चिठ्ठ्या पुढे केल्या. त्यांनी डोक्याचा फेटा सारखा केला. "वाच की. चष्मा आत हाय."

मी वाचल्या. तिघांना ताप. एकाच्या टांग्याचं चाक निखळलेलं. पाचवे चालक वकील; त्या वकीलसाहेबांकडे पाहुणे. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की पाचही कागद एकाच दस्त्यातले आहेत, त्याच निळसर रेघांचे. म्हणजे पाचही जण आदल्या दिवशी कुठेतरी एकत्र बसले होते. पाच आठवड्यांत इतकं एकमत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"एकदम तीन ताप," गवळी म्हणाला. "साथ हाय का काय गावात? हवालदार, म्हैस पिळू का घरी न्हेऊ? तिचा बी ईळ चाललाय."

"गप ए," हवालदार म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू तरी घेशील न्हवं?"

इथे मला लिहायला लाज वाटते. मी लगेच हो म्हटलं नाही. कोडोलीत त्यांच्या जातीच्या माणसाला, तो त्यांच्या वयाचा असता तरी, मी एकेरी हाक मारली असती. मी चटईवर बसलो, गवळ्याने दूध दिलं, आणि तो गडवा मी इतका वेळ हातात धरला की वरचा फेस बसला. हवालदार बघत होते. मग मी प्यायलो.

"टिपण काढ," ते म्हणाले.

"सभा झाली नाही, हवालदारसाहेब."

"मी हाय. तू हायस. पाळी माझी हाय. लिही."

मी लिहिलं. हजर: एक. गैरहजर: पाच. कारणं चिठ्ठ्यांप्रमाणे. ठराव: शाळेतल्या सर्व मुलांना वर्गाच्या आत बसू द्यावं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही मागून घेतली. वकीलसाहेब शेजारी बसले होते, तापातून उठलेला एक चालकही होता. साहेबांनी पान वाचलं आणि मला म्हणाले, "बाळ, एवढं पान काढून टाक."

"साहेब, पानांवर आकडे आहेत," मी म्हणालो. नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून आकड्यांच्या आड लपलो.

वकीलसाहेब मोठ्याने हसले. "आकडे घालून देऊ की नवे! अरे, त्याचं म्हणणं खोटं कोण म्हणतंय? पण ते कलम घातलं की अर्ज अडकणार. आधी आपला माणूस आत बसू दे, मग त्यांच्या पोरांचं बघू."

आपला माणूस आत बसू दे. पोरं बाहेर बसली होती आणि हे त्याच शब्दांत बोलत होते, आणि कुणालाच काही वाटलं नाही. पान साहेबांनी स्वतः फाडलं. पाच चालकांचा, पाच कलमांचा अर्ज मी सुवाच्य अक्षरात लिहून दिला. होय, मीच लिहिला.

अर्ज मंजूर झाला. साहेब कमिटीवर गेले. बोर्डिंगात पेढे वाटले. पहिल्या बैठकीहून ते आले तेव्हा मी विचारलं, "हवालदारांचं निघालं का?" "अजून बसतोच आहे रे. थोडं वजन येऊ दे." दुसऱ्या बैठकीनंतरही वजन आलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

मी हवालदारांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पान फाडल्याचं आणि अर्ज लिहिल्याचं पण. वाटलं, ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यो अर्ज मंजूर झाला न्हवं? मंजी अक्षर चांगलं हाय तुझं," ते म्हणाले. "आता माझ्या एकट्याचा लिही. तसंच काढ. ह्यो गरिबाचा म्हणून घाईत खरडू नगंस."

मी लिहिला. अर्जाच्या तळाशी लिहिणाराचं नाव घालायची रीत आहे. पाच जणांच्या अर्जावर ते घातलं नव्हतं; साहेब म्हणाले होते, गरज नाही. इथे मी थांबलो.

"नगं घालू," हवालदार म्हणाले. "जेवतोस त्यांच्यात."

मी नाव घातलं, गाव घातलं, बोर्डिंगही घातलं. 'कोडोली'वर शाईचा डाग पडला. कागद बदलू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे.

आठ दिवसांत साहेबांनी मला बोलावून घेतलं. आवाज गोडच होता. "दुसरीकडे सोय बघ, बाळ." आता मी कसबा बावड्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहतो, त्याच्या मुलांना शिकवतो आणि कॉलेजला चालत जातो. पाय दुखतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हवालदारांच्या अर्जावर हुकूम निघाला. मुलांना आत बसवावं. हुकूम शाळेत पोचला तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. थोरला भूमितीत नापास झाला आणि पलटणीत भरती झाला. धाकटा आत बसतो, दाराजवळ.

परवा बोर्डिंगांच्या संमेलनात साहेबांनी भाषण केलं. पडवीतल्या मुलांना आत घेणं हे आपल्या सर्वांच्या एकजुटीचं फळ, असं ते म्हणाले. वकीलसाहेबांनी पहिली टाळी वाजवली. हवालदारांना बोलावलेलंच नव्हतं. मी मागच्या रांगेत उभा राहिलो. सगळ्यांनी वळून पाहिलं. मला म्हणायचं होतं की थोरला नापास झाला, आणि तो ज्यांच्यामुळे झाला त्यांत मीही आहे. "काय पाहिजे?" कुणीतरी विचारलं. मी खाली बसलो.

पुन्हा टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत.