लाल म्हणजे थंड

आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की नळाला बघता बघता पांढरी मिशी फुटते. किस्सेही आमच्या घरात तसेच जमतात. खरवडायला बसलं की पापुद्र्यावर पापुद्रे! सध्याचा सगळा थर एकट्या शॉवरचा आहे.

बोरगाव मेघेचं घर बांधलं तेव्हाचा तो शॉवर. शेवटी शेवटी त्याची दोन-तीनच भोकं चालू होती आणि त्यातलं एक नेमकं टॉवेलवर नेम धरायचं. मी भिंतीला चिकटून, मान वाकडी करून आंघोळ उरकायचो आणि "चालते ना!" म्हणायचो.

माझी बायको सुनंदा म्हणायची, "शॉवर नाई चालत. तुम्ही चालता त्याच्या मागं मागं!"

*

अडत होतं ते आईचं. तिचा उजवा खांदा आखडला आणि पाण्याचा मग डोक्यापर्यंत जाईना. केस मात्र अजून कमरेपर्यंत! ते सुनंदा धुऊन द्यायची आणि आईच्या ते फार जिवावर यायचं. एक दिवस तिनं शिलाई मशीनवरची कैची आणून सुनंदापुढे ठेवली.

"आता धुवू नोको. कापूनच टाक. तुले त्रास नाई, मले लाज नाई."

मला गलबलून आलं. सुनंदानं कैची तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली आणि माझ्याकडे वळली. "शॉवर बदला. तोवर या घरात वरण नाही!"

*

बातमी अल्लीपूरला मामांकडे पोचली. मामा कपाशीवाले. आले ते पान्हा घेऊनच. "बदलता काऊन? नोझल चोक झालं असन. फवारणीच्या पंपाचं मी किती येळा साफ केलं!"

त्यांनी पान्हा लावून एक हिसका दिला. गंजलेला पाइप शॉवरसकट हातात आला आणि पाण्याची धार थेट छताला लागली. मामा धोतरापासून टोपीपर्यंत ओले.

"पाह्य!" ते म्हणाले. "आता कसं मोकळं आलं!"

*

दुकानदारानं आईला ताटाएवढा शॉवर दाखवला. "हा रेन शॉवर, काकू. पावसात उभं राह्यल्यासारखं वाटते."

"पावसात भिजू नाई म्हणून तं घरात न्हातो ना, बापू!"

आम्ही साधाच घेतला.

*

तो बसवायला गजूभाऊ प्लंबर आला मे महिन्यात, भरदुपारी. दोन्ही पाइपांखाली हात धरून म्हणाला, "हे गरमची लाइन," आणि त्या बाजूच्या नळावर लाल खूण लावली, दुसऱ्यावर निळी. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं आणि बंद गिझरमधलं गार असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या क्षणी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

आई मोठ्या हौसेनं आत गेली. निळ्यातून घटकाभर गिझरमधलं गार आलं, ते संपल्यावर टाकीचा निखारा.

"हे न्हाणं आहे का भाजणं?" म्हणत बाहेर आली. पुन्हा सुनंदाचा मग. आणि आई पुन्हा कैची शोधायला लागली.

*

थंडीत मी गिझर लावला आणि गारच येणार या विश्वासानं निळा नळ सोडला. मी ओरडलो ते चौकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात! टॉवेल गुंडाळूनच गजूभाऊला फोन लावला.

तो शांतपणे म्हणाला, "दादा, मी लावलं तवा बरोबर होतं!"

आई हसून हसून खाटेवर आडवी झाली. डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे लाल थंड, निळं गरम. एवढंच होय! समजलं मले."

*

त्याच रविवारी ती एकटी बाथरूममध्ये गेली. आतून शॉवरचा आवाज येत राहिला. आम्ही दोघं दाराबाहेर कान देऊन.

दार किलकिलं झालं. एक ओला हात बाहेर आला.

"सुनंदा, कैची दे."

सुनंदाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आई, असं नोको करू."

"दे म्हणते ना! काऊन उभे राह्यले?"

सुनंदानं रडवेल्या तोंडानं डाळीच्या डब्यात हात घातला आणि कैची त्या हातावर ठेवली. दार लागलं. आत कच्चकन आवाज झाला. मग आई ओरडली,

"अन् शाम्पूची आणखी एक पुडी देजो वं! एकीनं काय होते? केस लंबे आहेत माह्ये!"